फेस आलेली टाकी

आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यातल्या इंजिनियर बाई लोकांचे हात हुंगायच्या. साबणाचा वास आला की माणूस शेडच्या दारातूनच परत. "नुसत्या पाण्यानं धुऊन या." कामगार त्यांना नळीवाल्या बाई म्हणत.

नळ्या केसासारख्या बारीक आणि पोकळ. एका अंगानं अमोनियाचं सांडपाणी, दुसऱ्या अंगानं सौम्य आम्ल. नळीच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून वायू तेवढा पलीकडे जाई, पाणी अलीकडेच राही आणि पुन्हा वापरता येई. बाई म्हणत, "या भिंतीला पाणी चिकटत नाही, एवढाच हिचा गुण. साबण लागला की तो जातो."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहर करमाडच्या दिशेनं पसरत होतं. पाण्याला कुणी तसं कळवलं नव्हतं. वरून निरोप आला होता : महिनाअखेर सांडपाणी वापरात आलं नाही, तर दुसरी पाळी बंद. त्या पाळीत सगळे कंत्राटी.

नळ्यांच्या यंत्राचं उद्घाटन ठरलं. टँकरच्या पाण्यानं हिरवळ भिजवली गेली. मी खरेदी विभागात, म्हणून हारांची जबाबदारी माझी. सकाळी बाईंनी सांडपाण्याच्या टाकीत डोकावलं. वर फेस. दुसऱ्या पाळीतल्या कडूबाला साफसफाईसाठी मुद्दाम लवकर बोलावलं होतं.

"कडूबा, टाकी कशानं धुतली?"

"पावडरनं. म्यानेजरसायेबच म्हणले, पावणे येणारेत, चकाचक पायजे."

"पंप चालू केला?"

"नाय अजून."

बाई पंपाच्या बटणापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

मॅनेजर धावत आले. "मॅडम, दहाच मिनिटं. फोटो झाला की बंद करू."

"दहा मिनिटांत नळ्या वाया जातील. नव्या यायला पावसाळा उजाडेल. तोवर याला घरी बसायला तुम्ही सांगणार?"

कडूबा खाली बघत होता. बाहेर गाड्यांची दारं वाजली.

पाहुण्यांनी फीत कापली, कान दिला. "आवाज येत नाही?"

"नवं तंत्रज्ञान आहे साहेब," मॅनेजर म्हणाले.

"बंद आहे साहेब," बाई म्हणाल्या. "आज चालवलं तर कायमचं बंद पडेल."

बाई बटणापुढून हलल्या नाहीत. टाळ्यांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून त्या तेवढ्या वाजल्या.

टाकी उपसून, खळखळून धुऊन यंत्र महिनाअखेरीच्या आत सुरू झालं. पाणी स्वच्छ आलं. पाठोपाठ बाईंच्या बदलीचा हुकूमही आला, गुजरातेत.

निरोप समारंभात मॅनेजरांनी शाल दिली आणि बाईंच्या सहकार्याच्या वृत्तीवर भाषण केलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"दुसऱ्या पाळीचं कुणी दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"कामावर आहेत," मी सांगितलं.

"बरं झालं," म्हणाल्या, आणि शालीची घडी घालू लागल्या.