सांबार वाळवायचं मशीन

दिवाळी झाली, आमच्या ह्यांचा रक्ताचा रिपोर्ट आला आणि आमच्या घरातली कढई रिटायर झाली. हे स्वतः त्याआधीच रिटायर झाले होते, वीज खात्यातून, इंजिनियर म्हणून. नागपूरच्या रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, चरबी वाढली आहे, साखर काठावर आहे, औषध सध्या नको, सवयी बदला. ह्यांना मोघम बोलणं चालत नाही.

"बदला म्हणजे नेमकं काय करा?" त्यांनी विचारलं.

"रोज चाला. तळलेलं कमी करा. कच्चं खा."

ह्यांनी गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाले, "कच्चं खा म्हणते. मी काय बैल आहो का?"

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला हे कळलं आणि ती सुट्टी काढून आली. येताना बॅगेपेक्षा मोठा एक खोका घेऊन आली. पुण्याला गेल्यापासून तिचं 'मले' जाऊन 'मला' झालं आहे आणि आम्ही काय खातो याची काळजी तिला जरा जास्त वाटायला लागली आहे. खोक्यातून एक मोठं प्लास्टिकचं भांडं निघालं. त्याच्या आत एक चाळणी, वर झाकण आणि झाकणावर एक दांडा. दांडा दाबला की आतली चाळणी गरागरा फिरायची, पानांचं पाणी बाहेरच्या भांड्यात पडायचं आणि पानं कोरडी व्हायची.

"सॅलड ओलं असलं की बेचव लागतं. म्हणून लोक खात नाहीत," मुलगी म्हणाली.

मला वाटलं होतं लोक दुसऱ्या कारणांनी खात नसतील. ती रोज संध्याकाळी मॉलमधून आणलेली कसली कसली पानं त्या भांड्यात फिरवायची, त्यांवर लिंबू पिळायची आणि बाबांच्या पुढे ठेवायची. हे समोर लेक बसली आहे म्हणून खायचे. एकदा एक पान काट्याला टोचून उजेडात धरून त्यांनी विचारलं, "याले चव काहून नाही?"

"सवय लागली की चव येते, बाबा. आणि सवय आपोआप लागत नसते, लावावी लागते."

सकाळी ती त्यांना फिरायलाही न्यायची. ती आहे तोवर दोघं बेसा चौकापर्यंत जाऊन घामाघूम होऊन परत यायचे. ती गेल्यावरही हे नेमाने जात राहिले. मला फार कौतुक वाटलं. मग एकदा त्यांच्या शर्टावर तर्रीचा, म्हणजे पोह्यांवर ओततात त्या झणझणीत रश्श्याचा, लाल डाग दिसला आणि हे चौकात नेमके कशासाठी जातात ते कळलं. पोहे तळलेले नसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खरंही होतं.

पानांचा कार्यक्रम तर मुलीची गाडी अजनी स्टेशन ओलांडायच्या आत संपला. मी ते भांडं धुऊन, पुसून, वरच्या फळीवर पापडाच्या डब्यामागे ठेवून दिलं. पुरणयंत्राच्या शेजारी. तेही वर्षातून एकदाच खाली येतं.

मग थंडी पडली आणि बाजारात सांबार आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मुलीच्या पुण्याच्या मैत्रिणींना सांबार म्हटलं की इडली आठवते; आम्हाला सांबारवडी. बेसनाच्या पातळ पोळीत खसखस, खोबरं, तीळ घालून परतलेला सांबार भरायचा, पुडी बांधावी तशी घडी घालायची आणि तळायची. वर कढी. थंडीत ही वडी झाली नाही तर नागपुरात थंडी पडली असं कोणी मानत नाही. डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते. पण वर्षातून एकदा करणं म्हणजे कमी करणंच, असा हिशेब मी मांडला.

या वडीत खरं काम तळण्याचं नाही, वाळवण्याचं आहे. सांबार धुतल्यावर जरा ओला राहिला तर पारीला पाणी सुटतं आणि वडी कढईत फुटते. म्हणून मी दरवर्षी सांबार धुऊन जुन्या धोतरावर अंगणात पसरत आले. बेसातल्या या नव्या फ्लॅटमध्ये अंगण नाही आणि गॅलरीत कबुतरं. म्हणून यंदा पलंगावर पसरला. हे दुपारी झोपायला आले, तर पलंगावर सांबार झोपलेला आणि थंडीत वर पंखा फुल.

"हे काय करून राहिली वं?"

"वाळवून राहिले. संध्याकाळपर्यंत तिकडे सोफ्यावर झोपा."

हे थोडा वेळ उभे राहिले. पंख्याकडे पाहिलं, सांबाराकडे पाहिलं. "पंख्यानं वरची पानं वाळते, खालची ओलीच राहते," म्हणाले. मग स्टूल घेऊन स्वयंपाकघरात गेले. पापडाचे डबे सरकल्याचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाणी पिण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी हा माणूस स्वयंपाकघरात गेला असल्याचं मला आठवत नाही.

मी आत गेले तर हे ओट्यापाशी उभे. भांड्यात मूठभर सांबार टाकला होता. दांडा दाबला, चाळणी घरघरली, थांबली. झाकण उघडून ह्यांनी एक पान गालाला लावून पाहिलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. आवाज असा, की जणू गावात पहिल्यांदा लाइट आली आहे.

त्या दुपारी हे झोपलेच नाहीत. सगळा सांबार त्यांनी फिरवला. चाळणी गच्च भरली की फिरत नाही, अगदी कमी टाकला की पानं कडेला चिकटतात, निम्मी भरावी, हे त्यांनी शोधून काढलं आणि मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. वड्या तळल्या. एकही फुटली नाही. मला वाटलं, झालं, ह्यांची हौस फिटली.

पण हौस फिटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आले ते मेथीची जुडी घेऊन. त्यानंतर पालक, आंबट चुका, हरभऱ्याचा पाला. चौकातल्या भाज्या शिळ्या असतात म्हणून पुढे मनीषनगरच्या बाजारापर्यंत पायी जायला लागले. आल्यावर निवडायचे, धुवायचे, फिरवायचे. कढीपत्ता फिरवला, पुदिना फिरवला, एकदा स्वतःचे हातरुमाल फिरवले. मी आयुष्यभर म्हणत आले होते, की घरातल्या पुरुषानं कधीतरी ओट्यापाशी उभं राहावं. आता हे सकाळी माझ्या आधी तिथे उभे असायचे. मला पोळपाट ठेवायला जागा नसायची. गॅसवर काही ठेवलं की यायचे आणि झाकण उघडून विचारायचे, "हे अजून काहून ठेवलं? शिजून तर गेलं."

"तुम्ही पेपर वाचा ना जरा," मी म्हणायचे.

"वाचला."

माझ्या बहिणीला फोनवर मी रडकुंडीला येऊन हे सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "मागितलं ते मिळालं ना तुले?" म्हणाली. तिच्या घरचे हे अजून सोफ्यावर आहेत. तिला हसायला काय जातं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. चाळिशीच्या, नवऱ्याची शेती काटोलकडे. तिथून आलेली भाजी त्या इमारतीत वाटतात. एकदा सांबार द्यायला वर आल्या, तेव्हा हे कामात होते.

"हे काय करून राहिले जी काकाजी?"

ह्यांनी सगळं दाखवलं. निम्मी चाळणी, दांडा, पान गालाला लावणं. बाईंनी पण पान गालाला लावलं.

"आत्ता बाई! मले द्या ना एक दिवस."

ह्यांनी मशीन द्यायला नकार दिला, पण भाजी घेऊन वर या म्हणाले. झालं. दुसऱ्या दिवसापासून इमारतीतल्या बाया धुतलेली मेथी, सांबार, पालक टोपल्यांत घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. हे हॉलमध्ये टेबलावर मशीन मांडून बसायचे. मी चहा करायचे. आठ महिन्यांत लिफ्टमध्ये ज्या बायांशी मान हलवण्यापलीकडे ओळख झाली नव्हती, त्या माझ्या सोफ्यावर बसून सुनांविषयी बोलायला लागल्या. ह्यांना सगळ्यांच्या सुना कळल्या. मला चहा किती लागतो ते कळलं.

जानेवारीत इमारतीच्या गच्चीवर जेवण ठरलं. कोणी रोडगे भाजणार, कोणी वांग्याची भाजी करणार. सांबारवडी माझ्याकडे आली. मी आणि खालच्या बाईंनी सकाळपासून पाऱ्या लाटल्या, सारण परतलं, वड्या भरल्या, दुपारी वर नेऊन गरम गरम तळल्या. ह्यांनी मशीनही गच्चीवर आणून मांडलं. वडी चांगलीच झाली होती, मला माहीत आहे. माझी वडी चांगलीच होते. लोकांनी खाल्ली, परत मागून घेतली. आणि मग एकेक जण हात पुसत ह्यांच्याकडे जाऊन म्हणायला लागला, "काकाजी, मानलं तुम्हाले. काय मशीन आहे!"

हे नम्रपणे म्हणाले, "काही नाही, फक्त निम्मी भरायची."

मी कढईपाशी उभी होते, नाकावर बेसन. खालच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पुरुषाचं असंच राहते जी काकू," त्या हळूच म्हणाल्या आणि एक वडी माझ्या तोंडात कोंबली. तेव्हा कुठे मला आठवलं, की मी स्वतः अजून एकही खाल्ली नव्हती.

त्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. मशीन फिरवणारे काकाजी, मागे उकळती कढई आणि वड्यांचा डोंगर. तो इमारतीच्या ग्रुपवरून कसा कोण जाणे आमच्या मुलीपर्यंत पोचला. संध्याकाळी तिचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला.

"आई, ते मी सॅलडसाठी आणलं होतं."

"हो ना गं."

"आणि तुम्ही त्यात तळणीची तयारी करता?"

"तळणीची नाही, वाळवण्याची," मागून हे ओरडले.

 मला वाटलं, ती रागावली. मी तिला गोड बोलून शांत करायला विचारलं, "तू तुझं कसं वापरतेस? तू पण घेतलं होतंस ना एक?"

"घेतलंय ना."

"मग?"

"मग काही नाही. कांदे ठेवते त्यात." आणि आम्ही तिघंही हसलो. ह्यांना हसू आवरेना. मग ती म्हणाली की ऑफिसातून यायला आठ वाजतात, पानं कोण धुणार, ती बाहेरूनच मागवते. काय मागवते ते मी विचारलं नाही. तिने विचारल्यावर सारणात किती खसखस घालायची ते मात्र सांगितलं.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासलं. चरबी जवळपास होती तिथेच, साखर जराशी खाली. डॉक्टरांनी ह्यांना वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "छान. काय बदल केला?"

 हे सरळ म्हणाले, "मशीन घेतलं."

डॉक्टरांना वाटलं धावायचं मशीन. "रोज करता?"

"रोज."

"किती वेळ?"

"भाजीवर आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. 'चालू ठेवा' म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मार्च लागला तसा सांबार महागला, बायांचं येणं कमी झालं, पुढे दुपारी गच्चीवर तर सोडाच, गॅलरीतही पाय ठेववेना. हे सकाळी लवकर जाऊन मेथी आणायचे तेवढंच उरलं. एका दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून मेथी निवडत होतो. कूलर चालू होता. निवडता निवडता हे बोलायला लागले. नोकरी लागली तेव्हा त्यांना गडचिरोलीकडे टाकलं होतं, तिथे एका खांबावर चढले असताना खाली अस्वल येऊन बसलं होतं आणि ते जाईपर्यंत हे वरच बसून होते. इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"मले काहून नाही सांगितलं कधी?" मी विचारलं. मीही बोलता बोलता 'मले' म्हणून गेले.

"तू कधी बसली का एका जागी?"

हे म्हणणं अन्यायाचं होतं, पण खोटं नव्हतं. मी उठून कांदा चिरला. ह्यांनी फिरवून दिलेली कोरडी मेथी बारीक चिरली, त्यात दाण्याचं कूट, तिखट, मीठ घातलं आणि वरून कच्चं तेल. माझ्या माहेरी, वर्ध्याकडे, याला घोळाणा म्हणतात. भाकरीशी रोज असायचा. लग्नानंतर पहिल्यांदा केला तेव्हा ह्यांनी ताटात बाजूला सारला होता, म्हणून मी कधी पुन्हा केला नाही.

आता त्यांनी एक घास खाल्ला, मग दुसरा. वाटी स्वतःकडे ओढली.

"तुझी आई लसूण टाकत होती का यात?" त्यांनी विचारलं.

"टाकायची," मी म्हटलं, "पण ठेचून." आणि मग ती कसा ठेचायची, कोणत्या पाट्यावर, कोणासाठी वेगळी वाटी काढून ठेवायची, असं बरंच काही सांगत बसले. हे ऐकत होते. टेबलावर निवडायची मेथी अजून अर्धी पडली होती.