फिर्यादीचा ताबा

ईश्वराने माणसाला जन्माला घातले ते मांजरींची कामे करण्यासाठी, असे मनोमन मानणारा आणि त्याप्रमाणे तंतोतंत वागणारा सबंध ठाणे जिल्ह्यात एकच गृहस्थ होता, आणि तो कल्याणात आमच्या घरासमोर राहत असे. हे गृहस्थ अर्जनवीस होते. मामलेदार कचेरीबाहेर चिंचेखाली घोंगडी टाकून ते लोकांचे अर्ज लिहीत. ज्याची जमीन बुडाली, ज्याचा बैल कोंडवाड्यात गेला, ज्याच्या बांधावर शेजाऱ्याने कुंपण सरकवले, असा प्रत्येक माणूस आधी त्यांच्यापुढे उकिडवा बसे आणि मग सरकारपुढे उभा राही. मामलेदार नवा आला की त्यांची एकदा तरी गाठ पडे आणि बहुधा मामलेदारच नरमे. मी त्यांना काका म्हणे. ते मला, मी सुधारणेच्या चोपड्या वाचतो म्हणून, ‘सुधारक’ म्हणत. हा शब्द ते तपकीर ओढता ओढता उच्चारीत, त्यामुळे त्याच्या शेवटी हमखास एक शिंक येई.

बायको वारल्यावर आणि मुलगी नाशकाला दिल्यावर घरात ते एकटे उरले होते, म्हणजे त्यांच्या मते दुय्यम उरले होते. घर मांजरीचे होते. पांढरी, पाठीवर दोन पिवळे डाग असलेली ही मांजर सकाळपासून कसली ना कसली तक्रार करी, म्हणून त्यांनी तिचे नाव फिर्यादी ठेवले होते. दूध ऊन असले तर तक्रार, निवले तर तक्रार, दार लावलेले असले तर ते उघडावे म्हणून, आणि उघडले की का उघडले म्हणून. काका उठून दार उघडत, ती उंबऱ्यात बसून बाहेर पाहत राही आणि आत वळे. “तिला जायचे नव्हते,” ते मला समजावीत, “जाण्याचा हक्क शाबूत आहे की नाही, एवढे पाहायचे होते. सरकारदरबारी हे कळणारे चार लोक असते, तर माझा निम्मा धंदा बुडाला असता.” संध्याकाळी ते अर्जाची पक्की प्रत करीत तेव्हा नेमक्या ज्या ओळीपर्यंत बोरू आला असेल त्या ओळीवर ती येऊन बसे. ती उठेपर्यंत अर्ज थांबे. एकदा शाई ओली असताना ती कागदावरून चालत गेली आणि तो अर्ज तसाच कचेरीत दाखल झाला. “ही निशाणी कोणाची?” असे मामलेदाराने विचारले. शेतकरी सहीच्या जागी नांगर काढतात, तेव्हा यात विचारण्यासारखे काय आहे, अशा चेहऱ्याने काका म्हणाले, “साक्षीदाराची, रावसाहेब. सबंध अर्ज लिहीपर्यंत हजर होती.”

त्यांचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे फिर्यादी शुद्ध शाकाहारी होती. दूधभाताखेरीज तिने कशाला तोंड लावले नाही, असे ते शपथेवर सांगत. एकादशीला ती दूधभातही अर्धा टाकी, तेव्हा त्यांचे डोळे भरून येत.

आणि त्या डोळ्यांचेच दुखणे आले. दोन वर्षे मोतीबिंदू वाढत होता. आधी ओळी एकमेकींवर चढू लागल्या, मग आकडे पुसट झाले, आणि एके दिवशी त्यांनी एका कुळाचा अर्ज त्याच्याच सावकाराच्या नावाने लिहून दिला. कूळ गरीब, लिहिणे न येणारे. कचेरीतल्या कारकुनाने वेळीच पाहिले म्हणून निभावले. त्या दिवशी काका घोंगडी गुंडाळून घरी आले आणि दोन दिवस ओटीवर बसून राहिले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातला गोरा डॉक्टर डोळा कापून मोतीबिंदू काढतो, हे मी शोधून काढले. ओळखीने आठवड्यानंतरचा दिवस ठरवला. तीन आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायचे होते. हा दिवस चुकला तर पावसाळाभर डॉक्टर विलायतेला, आणि तोवर डोळे राहतील याची कोणी हमी देईना.

काका म्हणाले, “ते सगळे ठीक. फिर्यादीचे काय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. मागे चार दिवस नाशकाला गेले होते तेव्हा शेजाऱ्यांनी ठेवलेले दूध तिने हुंगलेही नव्हते, असे त्यांनी मला बजावले. “तीन आठवड्यांत ती मरेल. मग डोळे घेऊन मी पाहू काय?”

माझे रक्त तेव्हा गरम होते. शेकडो गरिबांचे अर्ज ज्याच्या डोळ्यांवर अवलंबून, तो मनुष्य एका मांजरीपायी आंधळा व्हायला बसतो, हे मला सहन होईना. पण वाद घालून ते हलणारे नव्हते, तेव्हा तिचा ताबा घेणारा माणूस शोधणे आले. काकांनी करारनामा लिहवला. सांगणारे ते, लिहिणारा मी. कलमे सतरा होती. ताबा घेणाऱ्याने तिला मोठ्याने बोलावू नये. तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. पाहिलेच, तर डोळे सावकाश मिटून उघडावे, म्हणजे आपण भांडायला आलो नाही हे तिला कळते. ती पाठीवर लोळून पोट दाखवील, तो विश्वास समजावा, आमंत्रण समजू नये.

मग परीक्षा सुरू झाल्या. काका गावाला गेले असे तिला वाटावे म्हणून ते पिशवी घेऊन, तिच्यादेखत निरोप घेऊन निघाले आणि आळीला वळसा घालून आमच्या मागच्या दाराने घरात आले. तीन दिवस आमच्या माडीवर खिडकीआड बसून राहिले. दिसत काहीच नव्हते, म्हणून मी पाहून सांगायचे.

“कोण आहे?”

“आई आहे. दूध ठेवलं.”

“आणि ती?”

“वाटीकडे पाठ करून बसली आहे.”

“पाठ डावीकडून फिरवली की उजवीकडून?”

आई एक दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी देवळातले गुरव आले. त्यांना मांजरींचे भारी वेड. त्यांनी “ये गं माझी बाय, ये गं माझी सोनी” असा पुकारा केला आणि फिर्यादी जी माळ्यावर चढली ती उतरेना. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा वाणी नुसता पाहायला आला होता. मांजर पाहिली की त्याच्या अंगावर काटा येई. तो ओटीवर अंग चोरून बसला, तशी ती चालत गेली आणि त्याच्या मांडीवर वेटोळे करून झोपली. तो पुतळ्यासारखा बसून राहिला. “अहो सुधारक, हिला उचला,” एवढेच तो आमच्या खिडकीकडे पाहून मधूनमधून म्हणे. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “बरोबर आहे. जो काही मागत नाही, त्याच्याकडे ती जाते.” पण वाण्याने ताबा घेण्यास साफ नकार दिला, आणि दूधभात तसाच राहिला.

हातात चार दिवस उरले. काकांनी इस्पितळाला नकाराचे पत्र लिहायला मला बसवले. मी बोरू टाकून दिला. तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. तीन दिवस मांजरीने घास घेतला नव्हता आणि तिच्या बरगड्या दिसत नव्हत्या. उलट दुपारी ती घरी येई ती मिशा चाटत येई.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे निघालो. मागच्या परसातला दगडी गडगा तिने एका उडीत पार केला, मी धोतर फाडून पार केला. तळ्याच्या काठाने, तेल्यांच्या घरांमागून, ती खाडीकडे उतरली आणि एका झोपडीत आपल्याच घरात शिरावे तशी शिरली. आत चुलीपाशी आमच्या आळीत पाटी घेऊन येणारी मीठवाली आगरी बाई बसली होती. तिने मांजरीकडे पाहिलेही नाही. नुसता हात लांब करून सुक्या वाकटी मासळीचा तुकडा पुढे टाकला. फिर्यादीने तो डोळे मिटून खाल्ला.

“ही कोणाची मांजर, बाई?”

“आमची गोरी. पाच वर्सं झाली, रोज दुपारच्याला येते. वाकटी खाते नि चुलीशी निजते.” मग माझ्याकडे पाहून ती हसली. “तिचा दुसरा घर हाय त्ये मना ठाव हाय, भाऊ. तोंडाला दुधाचा वास येतो. कुना भटाकडं उपास करून येत असल.”

एकादशीच्या अर्ध्या दूधभाताचा उलगडा झाला, पोट आधीच वाकटीने भरलेले असे. काकांना माशांचा वास कसा आला नाही, याचे उत्तर त्यांच्या तपकिरीच्या डबीत होते.

हे त्यांना सांगताना मी घाबरलो होतो, हे लपवीत नाही. तीन पाने भाषण मनात तयार होते. जातिभेदाविरुद्ध जेवढे वाचले होते ते सगळे त्यात होते. पण पहिल्याच वाक्याला काकांनी मांजरीला चाचपून जवळ ओढले आणि माझे भाषण तिथेच राहिले. ते तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पाच वर्षे ती दोन घरं चालवते आहे, आणि मला एकही जमलं नाही. चल, घेऊन चल मला.”

माझा हात धरून, करारनामा काखेत मारून ते खाडीवर आले. झोपडीच्या अंगणात मांडी घालून बसले आणि सवयीने विचारते झाले, “अर्जदाराचे नाव?”

“जानकी.”

काकांनी करारनामा खाली ठेवला. “किती वर्षं आमच्या दारात मीठ आणतेस?”

“बारा असतील.”

“बारा वर्षांत मी नाव विचारलं नाही,” ते म्हणाले. माझ्या भाषणाची गरज उरली नाही.

मी सतरा कलमे वाचली. जानकी ऐकत होती आणि जाळ्याची गाठ मारीत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, ह्ये सगला तिला वाचून दावा, मना कशाला? ती काय शिकाची ऱ्हायली हाय? माजा येकच सांगना हाय. दुपारी ती माजेकडं हायेच. पन सकाली नि सांजच्याला ती तुमच्या घरान जानार, घर सोडाची नाय. तवा चावी मना द्या. नि मी फुडच्या दारान येईन. मागच्या दाराशी भांडा ठेवून पलाची नाय, चोरासारखी.”

काकांनी कमरेची चावी काढून तिच्या हातात ठेवली. करारनामा तिथेच चुलीत गेला.

संध्याकाळपर्यंत आळी ओटीवर जमली. सर्वांत पुढे शेजारचे शास्त्रीबुवा. “चावी मीठवालीकडे दिलीत म्हणे?”

“जानकीकडे दिली.”

“ती ओटीवर येणार?”

“ओटीवर नाही, माजघरात. मांजर तिथे जेवते.”

“मग तुमच्या घरचं पाणी आम्ही घ्यायचं कसं?”

काकांनी तपकिरीची चिमूट भरली, पण ओढली नाही. “शास्त्रीबुवा, ही मांजर पाच वर्षं जानकीच्या चुलीशी वाकटी खाऊन थेट तुमच्या देवघरात येते. गोकुळअष्टमीला ती नैवेद्याचं दूध प्यायली, तेव्हा देवच प्यायला असं आपण म्हणालात. त्या दिवशी आंघोळ किती वेळा केलीत? एकदाच ना? मांजर शिवली म्हणून पुन्हा सोवळं नेसल्याचं या आळीत कोणाला आठवतंय? मांजर चालते, आणि मांजरीच्या पोटाची काळजी करणारी बाई चालत नाही, याचं कलम मला दाखवा. दाखवलंत तर चावी परत आणतो आणि इथेच आंधळा होऊन बसतो. हे सगळे साक्षीला आहेत.”

इतक्या माणसांसमोर एका माणसाचे डोळे मागायचे धाडस शास्त्रीबुवांना झाले नाही. “ग्रंथ पाहून सांगतो,” असे म्हणून ते उठले. ते ग्रंथ आजपर्यंत पाहत आहेत. दोन वर्षे मी आळीत चोपड्या वाटीत होतो. त्यांत लोक पुड्या बांधीत. काकांनी एका संध्याकाळी दार उघडले आणि दुसऱ्या दिवसापासून जानकी पुढच्या दाराने, मिठाची पाटी ओटीवर उतरवून, आत जाऊ लागली. चौथ्या दिवशी माझी आई तिच्याशी बोलायला गेली. दहाव्या दिवशी दोघी माजघरात बसून मांजरीची चहाडी करीत होत्या.

डोळा उत्तम कापला गेला. मी दर रविवारी आगगाडीने मुंबईला जाऊन वर्दी देई. पट्टी बांधलेल्या अवस्थेत काका एकच प्रश्न विचारीत, “जेवली?” जानकीने निरोप दिला होता की गोरी जाडी झाली. तो ऐकून ते खूश झाले, आणि थोड्या वेळाने जरा दुखावल्या स्वरात म्हणाले, “माझ्या गैरहजेरीत?”

परत आले ते जाड भिंगांचा चष्मा लावून, सरदारासारखे मान ताठ करून. त्याच आठवड्यात चिंचेखाली घोंगडी पडली, आणि ज्या कुळाचा अर्ज चुकला होता त्याचाच पहिला अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने, एक अक्षर न खोडता लिहिला. फिर्यादीने मात्र सहा दिवस त्यांच्याकडे पाठ केली. ते समोर जाऊन बसले की ती भिंतीकडे तोंड करी. सातव्या दिवशी ती आली, आणि मांडीवर बसली.

त्याच दुपारी आम्ही दोघे परसात उभे होतो. फिर्यादी गडग्यापाशी गेली, वर पाहिले, मागचे पाय आवरले, पुन्हा पाहिले. तीन वेळा तिने अंदाज घेतला आणि खाली बसली. काका चष्मा सावरून पाहत राहिले. तिची पाठ खाली दबली होती, पिवळे डाग विटून गेले होते, हनुवटीखालचे केस पिंजल्या कापसासारखे झाले होते.

“ही इतकी म्हातारी कधी झाली रे?” ते म्हणाले.

दोन वर्षे त्यांना एक पांढरा ठिपका तेवढा दिसत होता, आणि त्या ठिपक्याचे वय वाढत नव्हते.

त्यांनी वाकून तिला उचलले. त्या दिवसापासून दुपारची कचेरी उठली की ते तिला खांद्यावर घेत आणि भर आळीतून, शास्त्रीबुवांच्या ओटीवरून, तळ्याच्या काठाने जानकीकडे नेऊन पोचवीत. वाटेतला प्रत्येक दगड आता त्यांना स्वच्छ दिसत होता. तरी ते फार सावकाश चालत.