काळी चारात हंबरणारी गिटार

पहिलेच सांगून ठेवते, मी शिलाईवाली आहे. पुसदच्या बाजारामागच्या गल्लीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि मशीनच्या वर, खुंटीला, माझ्या बाबांची इलेक्ट्रिक गिटार टांगलेली असते. नवीन गिऱ्हाईक बाई विचारते, "हे कोण वाजवते वं?" मी म्हणते, "मी." मग ती माप देताना जरा सांभाळूनच उभी राहते. राहू दे.

ही गिटार बाकीच्या रॉकवाल्यांसारखी भरीव लाकडाची नाही. आतून पोकळ आहे. पोट ढोलकीसारखं आणि त्या पोटावर दोन वाकड्या फटी. हळू वाजवली तर असा गोड आवाज अख्ख्या तालुक्यात मिळायचा नाही. पण आवाज वाढवला की स्पीकरच्या बॉक्समधला सूर तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, ती थरथर पुन्हा बॉक्समधून बाहेर पडते आणि बाईसाहेब हंबरायला लागतात. हूंऽऽऽ. मग थांबायचं नाव नाही.

बाबा आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत हीच गिटार वाजवायचे. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ती त्यांच्याकडे आली. एका जयंतीला, विहारासमोरच्या स्टेजवर, ऐन गाण्यात ती हंबरली. मुख्य गायकानं गाणं थांबवलं आणि माईकवरून सांगितलं, "ते जनावर खाली उतरवा बरं पहिले!" लोक पोट धरून हसले. मी तेव्हा सातवीत होते, पहिल्या रांगेत बसले होते, आणि मीही हसले. ते मला आजही झोंबतं. बाबांनी गिटार उतरवली, चादरीत गुंडाळली आणि पुढे जितकी वर्षं पार्टीत राहिले तितकी वर्षं मागे बसून कोरस आणि टाळ्या दिल्या.

चादरीतून तिला मीच बाहेर काढली. शिकवलं बाबांनीच, पण घरात, दार लावून, आवाज न वाढवता.

आमचा बँड चौघांचा. ड्रम, बेस, मी आणि गायक. वस्तीतलीच गाणी आम्ही रॉकच्या अंगानं वाजवतो, म्हणजे शेजारच्या घरातली भांडी हलली पाहिजेत. गायक राजूरकडच्या कोळसा खाणीत नोकरीला, सुट्टी मिळाली की पुसदला घरी येतो. गळा असा की माईक नसला तरी चालेल. आणि डोकं असं की विचारू नका.

यंदा आम्हाला जयंतीचा कार्यक्रम मिळाला. तोच विहार, तेच स्टेज. आणि तिथे उभे करायचे होते डीजेवाल्याचे माणसाएवढे बॉक्स. त्या हिशेबानं आवाज वाढवला आणि पहिल्याच तालमीला गिटार अशी हंबरली की गायकानं कानात बोटं घातली.

"ताई, जमत नाई हे. माझ्या साळ्याची भरीव गिटार आहे, ते आणून देतो. हे घरीच ठेवा."

"मी हेच वाजवणार."

"काहून पण?"

"काहून म्हणजे? बाबांची आहे म्हणून!"

"मंग आठ दिवसात तिचं तोंड बंद करा. नाई तं स्टेजवर ते नाई."

तोंड बंद करायचं म्हणजे पोट भरायचं, एवढं मला कळत होतं. आणि पोट भरायला आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? फुलसावंगीच्या मामाकडून दिवाणासाठी आणलेला कापूस घरात पडला होता. रागाच्या भरात मी तो फटीतून कोंबत गेले, कोंबत गेले. तालमीला गेले, पहिला झटका मारला, आणि आतून खर्रर्र! कापूस सरकीसकट होता. जिनिंगमध्ये गेलेलाच नव्हता. एकेक सरकी लाकडावर नाचत होती. ड्रमवाला म्हणाला, "ताई, खुळखुळा कोणाले आणला?" जन्म गेला कापसाच्या मुलखात आणि अक्कल ही अशी. दोन दिवस मी क्रोशाच्या सुईनं ती सरकी फटीतून ओढून काढत बसले. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज तसेच पडून.

मग दुसरी युक्ती केली. दुकानात ब्लाऊजच्या कपांचा फोम होता. तो भरला, फटींवर वरून चिकटपट्टी मारली. हंबरणं थांबलं, खरंच थांबलं. पण आवाजही गेला. गोधडी पांघरून कोणी बोलावं तसा. घरी वाजवून पाहत होते, बाबा आतल्या खोलीतून उठून आले. दारात उभं राहून ऐकलं.

"काय केलं वं तिले? मेली काय ते?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, बाबा, दोन दिवस राहिले. ती हंबरली तर आमचा गायक तिला उतरवायला लावणार. त्याच स्टेजवर. तुमच्या डोळ्यासमोर. मी नाही सहन करणार ते दुसऱ्यांदा.

बाबा खाली बसले, फटीवरची पट्टी नखानं सोलून काढली आणि म्हणाले, "पेटी आण."

मी हार्मोनियम आणली. फोम काढला. छोटा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्यानं लावला, गिटार त्याच्यासमोर धरली. हूंऽऽऽ. बाबांनी पेटीवर बोट फिरवत तो सूर शोधला. काळी चार. मी जागा बदलली, दुसरी तार छेडली, पुन्हा हंबरवली. काळी चार. दहा वेळा केलं, दहाही वेळा काळी चार.

"ते बोंबलत नाई बाई," बाबा म्हणाले. "ते सूर देऊन राह्यली. फकस्त आपण दुसऱ्या सुरात गाऊन राह्यलो."

"तुम्हाले आत्ता समजलं हे?"

"आत्ता कायले? त्याच सालच्या जयंतीले समजलं होतं."

"मग सांगितलं काहून नाई?"

"कोणाले सांगू? गायकाले?"

ज्यांनी गायन पार्टी पाहिली नाही त्यांना यातलं दुखणं कळायचं नाही. पट्टी म्हणजे पेटीवरचा तो सूर, जिथून गायक गाणं उचलतो. ती ठरवणार गायक. बेंजो तिच्याशी जुळवायचा, ढोलकीची शाई तिच्यासाठी ठोकायची, कोरसनं घसा ताणायचा. वाद्याला गायकाच्या पट्टीवर आणतात, गायकाला वाद्याच्या पट्टीवर कोणी आणत नाही. आमचा गायक गायचा पांढरी सहात, बाबांच्या पार्टीचा गायकही तिथूनच. पेटीवर बोट ठेवा, काळी चार तिच्या अगदी शेजारी, अर्धा सूर खाली. त्या अर्ध्या सुरापायी माझा बाप उरलेली वर्षं टाळ्या वाजवत बसला होता. असा संताप आला मला!

दुसऱ्या दिवशी मी गायकाच्या घरी. दुकान उघडलंच नाही.

"भाऊ, गाणं काळी चारात घ्या. आम्ही तारा उतरवून घेतो."

तो हसला. "माझी पट्टी पांढरी सहा आहे ताई. आजवर कोणासाठी बदलली नाई."

"तुम्ही खाणीत उतरता, तं कोळसा तुमच्या सोयीनं वर येते काय? का तुम्हीच खाली जाता?"

त्याची बायको स्वयंपाकघरातून जोरात हसली. बहुतेक त्या हसण्यानंच काम केलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"एक गाणं," तो म्हणाला. "पहिलं. बिघडलं तं मी माईकवर सांगीन अन् तुम्ही गिटार उतरवान. साळ्याची गिटार मागे ठेवलेली राहीन."

माईकवर सांगीन. बाबांनाही माईकवरूनच सांगितलं होतं. तरी म्हटलं, मंजूर.

जयंतीच्या दिवशी दुपारी, ऊन मी म्हणत असताना, मी स्टेजवर जाऊन जागा शोधली. बॉक्सच्या समोर एका ठिकाणी ती हंबरायची, दोन पावलं बाजूला गेलं की गप्प. माझ्याजवळच्या, कापडावर खुणा करायच्या खडूनं मी तिथे दोन फुल्या केल्या. एक गप्प राहायची, एक हंबरायची. खूश होऊन घरी गेले, निळं लुगडं नेसून परत आले, आणि पाहते तर काय, मंडळवाल्यांनी स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरंजी अंथरलेली! माझ्या फुल्या तिच्याखाली. लोक बसलेले. बाबा पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात मांडीवर. माझ्या मागे स्टँडवर साळ्याची ती चकचकीत गिटार.

ड्रमवाल्यानं चार मोजले. सुरू.

पहिलं कडवं मी अंदाजानं बाजूला उभी राहून वाजवलं. ठीक गेलं. पण शेवटी गायक सूर लांबवणार होता आणि तिथे मला तिला हंबरायला सोडायचं होतं. कुठे उभी राहू? सतरंजीकडे पाहिलं, सगळीकडे सारख्याच पट्ट्या. मग पाहणं सोडलं. गिटार पोटाशी घट्ट धरली आणि बॉक्सकडे अर्धं पाऊल सरकले. काही नाही. अजून अर्धं. आणि माझ्या पोटाला कळलं. आवाज येण्याच्या आधी लाकूड थरथरतं, बारीक, मांडीवर मांजर गुरगुरतं तसं. इथेच! मी बॉक्सकडे तोंड वळवलं, तार दाबली आणि हात उचलला.

हूंऽऽऽ.

गायकाचा सूर आणि तिचा सूर, एकच. मध्ये केसाचंही अंतर नाही. त्याचा श्वास संपला. तिचा थोडाच संपणार? ती चाललीच होती, वाढत होती, मंडपाचे पाइप झणझणत होते, माझे दात झणझणत होते. गायक वळून माझ्याकडे पाहायला लागला, तोंड उघडं. मी मनात म्हटलं, बोल बापा माईकवर, काय बोलतं ते बोल! मग दोन पावलं बाजूला सरकले. ती गप्प झाली. मी म्हणाले तेव्हा.

मग जी शिट्टी-आरोळी उठली, बाया खुर्च्यांवर उभ्या! मी खाली पाहिलं. बाबा टाळ्या वाजवत नव्हते. सगळी वस्ती वाजवत होती, ते तेवढे हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते.

गायकानं माईक तोंडाशी नेला.

"पुढचं गाणं," तो म्हणाला, "काळी चार."

सगळीच्या सगळी सात गाणी त्यानं काळी चारात गायली. साळ्याची गिटार स्टँडवरच राहिली.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या पायरीवर बसून गिटार पुसली, सवयीनं चादर काढली आणि गुंडाळायला लागले. बाबा समोर येऊन उभे राहिले. चादर माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि स्वतःच्या काखेत मारली.

"कायले गुंडाळतं? उघडीच घेऊन चाल," ते म्हणाले. "अन् इकडून गल्लीनं नाई, मोठ्या रस्त्यानं चाल."