आबांच्या ताटातल्या कॅलरी

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि आबा पार वाळले. आई गेल्यापासून ते दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी एकटेच राहायचे. म्हणून आम्ही बहिणींनी ठरवलं, एक महिना धुळ्याला माझ्याकडे, एक महिना जळगावला धाकटीकडे. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, रोज अठराशे कॅलरी पोटात गेल्याच पाहिजेत, नाहीतर पुन्हा दवाखाना.

कॅलरी मला कुणी शिकवायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी सुईला शेंगदाणा टोचून पेटवते, त्यावर परीक्षानळीत पाणी धरते आणि पाणी किती अंश तापलं ते मुलांकडून मोजून घेते. अन्न जळताना किती उष्णता देतं, तेवढी त्याची ताकद. तेला-तुपाच्या एका ग्रॅमला नऊ, पिष्टाला आणि प्रथिनाला चार. मी ओट्यावर काटाच आणून ठेवला. भाकरी तोलून, वरण तोलून, शेवभाजीतलं तेलसुद्धा चमच्याने मोजून. पण आबा भाकरीचा अर्धा तुकडा मोडून बाजूला सरकवत. मी तूप घेऊन गेले की ताटावर हात आडवा धरत.

"मनं पोट भरी गयं, बेटा."

महिनाअखेर वजन दोन किलोने उतरलं. मग ते जळगावला गेले आणि तिथे अडीच किलो वाढून आले. धाकटीच्या घरात काटा नाही, मोजायचं माप नाही. तिची डाळ कधी पातळ, कधी घट्ट. तरी आबा येताना गाल भरून आले आणि आल्या आल्या तिच्या बट्ट्यांचं कौतुक सुरू. मला हेवा वाटला. साधासुधा नाही, जेवण कडू व्हावं असा. लहानपणीही शेंगांची पहिली मूठ तिलाच मिळायची.

दुसऱ्या खेपेला पंधरा दिवसांतच तेच झालं. वजन उतरलं, आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी आबांना धरून बसवलं. म्हटलं, "तिच्याकडे जेवता, माझ्याकडे का नाही? माझ्या हाताला चव नाही का?"

त्यांनी धोतराचा काठ चाचपला.

"चव शे ना. पन अंडेरना घर पोर नही, तवलोंग बापनी पोटभर खावाले नही. आपलामा बठ्ठा आसंच करतस."

लेकीच्या घरी नातवंड आल्याशिवाय बापाने तिचं अन्न पोटभर खाऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला मूल नाही, आणि आता होण्याची आशाही नाही. आबांनी दुखवायला म्हटलं नव्हतं. उपाशी राहून ते रीत पाळत होते आणि मला कळू नये म्हणून पोट भरल्याचं सांगत होते. मी आत गेले आणि काटा उचलून कपाटावर टाकला.

धाकटीला फोन केला तो भांडायलाच. ती शांतपणे म्हणाली, "अक्का, त्यांच्याच वावरातली दादर ज्वारी आण गं. ते धान्य त्यांचंच. मला मुलगा व्हायच्या आधी ते राहायला आले की मीही तेच करायचे."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तिची ती अडचण चार दिवसांची होती, म्हणून इतकी सहज सांगू शकली. मला तिचे आभार मानायचे होते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

रविवारी नवऱ्याने गावाकडून दादर ज्वारीचं पोतं आणलं. मी दळून आणली. आबांनी पीठ चिमटीत घेऊन ओळखलं. त्या दिवशी पूर्ण भाकरी खाल्ली, मग दुसरी मागितली. महिनाअखेर आबांचं वजन वाढलं. त्या दुपारी जेवायला बसल्याबसल्याच आबांनी फोन लावला. मला नाही, मी समोरच होते. धाकटीला लावला.

"तुनी सांगेल दादर कामले उनी," ते हसत म्हणाले. युक्ती कुणाची, हे तिने त्यांना आधीच कळवलं होतं.

मी चुलीसारखी पेटले. धान्य त्यांचं, युक्ती तिची. माझा फक्त गॅस जळाला. ते बोलत असताना मी त्यांच्या भाकरीवर तुपाची वाटीच ओतली, न मोजता. तूप माझ्या घरचं होतं, मी स्वतः कढवलेलं.

फोन ठेवून त्यांनी ताटात पाहिलं, मग माझ्याकडे. हात आडवा आला नाही. त्यांनी भाकरी मोडली, तुपात बुडवली आणि खाल्ली. ताट बोटाने पुसून घेतलं.

हे मी धाकटीला अजून सांगितलेलं नाही.