क्रेगीबर्नच्या लोनकाकू

कर्ज मिळवून देणं हा लोनकाकूंचा धंदा, आणि त्याच कुणाला सही करू द्यायच्या नाहीत. कमालच की नाही! मेलबर्नच्या क्रेगीबर्नमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना लोनकाकूच म्हणायचो. पन्नाशीच्या, बारीक कापलेले पांढरे केस, पायात जॉगर्स. त्या मॉर्गेज ब्रोकर होत्या, म्हणजे बँकांशी बोलून आपल्याला गृहकर्ज मिळवून द्यायच्या. पण समोरच्याने पेन काढलं की ते स्वतःच काढून घ्यायच्या. म्हणायच्या, "गोंधळलास तर चालेल. गोंधळलेल्या डोक्याने सही नको."

माझा गोंधळ तर विचारूच नका. पुण्यात दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण ऑफसेट, रिड्रॉ, फिक्स्ड, व्हेरिएबल ऐकून डोक्याचा पार भुगा झाला होता. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, नुकताच मिळाला होता, मृणालला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता आणि भाड्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवरचं एक घर आम्हाला मनापासून आवडलं होतं. मालक तयार होता. फक्त शुक्रवारपर्यंत बँकेची मंजुरी दाखवायची, नाहीतर घर दुसऱ्याला. मृणालने बाळाची खोलीसुद्धा ठरवून टाकली होती.

कर्ज आपल्याला कळलंय की नाही, हे काकू आपल्याला विचारायच्याच नाहीत. म्हणायच्या, "आईला फोन लाव आणि मराठीत समजावून सांग." मी चिंचवडला फोन लावला. "अगं, ऑफसेट म्हणजे पैसे आपल्याच खात्यात राहतात, पण तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही." आई म्हणाली, "मग सगळेच पैसे त्यात ठेव की. आणि एवढे पैसे असतील तर कर्ज कशाला घेतोस?" काकूंना हसून हसून ठसका लागला. आईला पटेपर्यंत मला तीनदा फोन करावा लागला.

बुधवारी मी शहाणपणा केला. आपल्याकडे स्टुडंट व्हिसासाठी मामाचे पैसे काही दिवस खात्यात ठेवून शिल्लक दाखवतात ना, अगदी तसा. तीन मित्रांकडून पाच-पाच हजार डॉलर मागवून घेतले. खातं कसं गुटगुटीत दिसायला लागलं. मी खूश!

काकू स्टेटमेंटवर बोट ठेवून एकेक ओळ वाचायच्या. बोट थांबलं.

"हे कुणाचे रे?"

"मित्रांचे. नुसते दाखवायला. मंजुरी आली की परत."

"म्हणजे उसने. मग तेही कर्जात धरावे लागतील."

"मग भेट दिली असं लिहून देतील ना ते! तिघंही तयार आहेत."

"ते देतील. मी नाही पाठवणार." त्यांनी चष्मा काढला. "समीर, दाखवायला आणलेल्या पैशांनी हप्ता भरता येत नाही. आणि तो बँक नाही, तू भरणार आहेस."

मी हातापाया पडलो, मग आवाज चढवला. काकू काही बधल्या नाहीत. पैसे परत गेले. माझ्या खऱ्या बचतीवर बँक नाही म्हणाली, शुक्रवार उलटला आणि घर गेलं. मृणाल त्या घरासमोर गाडीत बसून ढसाढसा रडली. रविवारी काकू तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या, तर मी खोलीतून बाहेरसुद्धा आलो नाही. इतका संताप झाला होता माझा! भेटेल त्याला सांगत सुटलो, या बाईकडे जाऊ नका, आमचं घर घालवलं तिने.

मुलगी चार महिन्यांची असताना माझी नोकरी गेली. सहा महिने घरी होतो. शिल्लक होती म्हणून भाडं भरत कसेबसे तगलो. त्या घराचा हप्ता डोक्यावर असता तर तो कुठून भरला असता? मृणाल अजूनही म्हणते, त्या घराची किंमत आता केवढी झाली बघ. कुणाचं बरोबर, देव जाणे. मला आजही धड सांगता येत नाही. पण काकूंची माफी मागायला हवी, एवढं कळत होतं.

गेलो, तर त्यांच्या घरात दुसरंच कुणी राहत होतं. फोन केला. काकू ॲडलेडला, मॉसन लेक्सला लेकीकडे होत्या आणि तिथल्या युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये काम करत होत्या.

"काकू, चुकलो. तेव्हा फार शिव्या घातल्या तुम्हाला."

"सगळेच घालायचे रे," त्या हसल्या.

"पण एवढं चांगलं काम का सोडलंत?"

"अरे, ब्रोकरला पैसे कर्ज झाल्यावर मिळतात, नको म्हटल्याचे मिळत नाहीत. तुझ्यासारखे बरेच जण परत पाठवले. आणि रागावलेली माणसं दुसऱ्यांना आपल्याकडे पाठवत नाहीत. शेवटी माझाच हप्ता थकायला लागला, मग विकलं घर. ते जाऊ दे. मुलीचं नाव काय ठेवलंत?"

मी नाव सांगितलं. काकूंनी आमचं घर घालवलं म्हणून मी गावभर सांगत फिरलो होतो. त्यांचं घर घालवणाऱ्यांत मीही होतो.