नसलेल्या बोटांना बसणारा धक्का

बापू कारदगे पिस्तुलाचा नेम धरत तेव्हा त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात असे. यात नवल काही नव्हतं. त्या काळी पिस्तूल एका हातानेच चालवत आणि मोकळा हात लोंबकळू नये म्हणून सगळेच तो खिशात घालत. बापू डावखुरे असावेत एवढंच मला वाटलं. पण गोळी सुटली की त्यांचा खिसा हलायचा. डाव्या हातातलं पिस्तूल उसळायचं आणि त्याच क्षणी उजव्या खिशात काहीतरी दचकून आकसायचं, आत पाखरू ठेवल्यासारखं. क्लबातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी निशाण्याऐवजी त्या खिशाकडेच बघत उभी राहिले.

ते त्यांच्या लक्षात आलं. पिस्तूल टेबलावर ठेवून त्यांनी हात बाहेर काढला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती.

"पावणं नवीन दिसत्यात," ते म्हणाले. "गोळी हिकडनं जाती बाई, आणि धक्का तिकडं बसतोय. जी बोटं न्हाईत, त्यास्नी. मला सवय झालीया, तुमालाबी हुईल."

बापूंची उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती. यंत्रांच्या आवाजावर बोलून त्यांचा गळा असा तयार झाला होता की घरगुती गोष्टसुद्धा ते साऱ्या गल्लीला सांगितल्यासारखी सांगत. बोटं तरुणपणीच प्रेसमध्ये गेलेली. त्यानंतर जेवणं, सही करणं, स्कूटर दुरुस्त करणं सगळं त्यांनी डाव्या हाताला शिकवलं आणि सगळ्यात शेवटी नेमबाजी. मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, एन.सी.सी.त असताना रायफल चालवली होती. क्लबात बाई म्हणून मी एकटीच. पण बापूंनी मला कधी वेगळं वागवलं नाही. माझी गोळी वाया गेली की ते लांबूनच सांगायचे, "बाई, मनगाट ढिलं सोडलंसा. पोरं शाळंतनं सुटल्यावानी सुटली गोळी."

आमचा क्लब म्हणजे कसबा बावड्याच्या पुढची एक बंद पडलेली दगडाची खाण. तिथे एक पत्र्याची शेड, दोन टेबलं आणि एकच चांगलं पिस्तूल. ते परदेशी बनावटीचं होतं. त्याचा साधा स्क्रू गेला तरी दुसरा मिळायची मारामार. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्याच बनावटीचं पिस्तूल दुसऱ्या एका जिल्ह्यात चालवताना फुटलं आणि पोलादाचा तुकडा नेमबाजाच्या गालात घुसला, अशी बातमी आली. आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे उतरले.

गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, झटक्याने मागे येतो आणि खालच्या पोलादावर आदळतो. या दोन्हींच्या मध्ये रबराचा किंवा चामड्याचा तुकडा बसवला तर आदळणं सौम्य होतं. त्याला बफर म्हणतात. बापू त्याला गादी म्हणायचे, आणि मग सगळा क्लब गादी म्हणू लागला. गादी लावावी की नाही यावर आमच्यात दोन तट पडले. काही जण म्हणत, पिस्तूल वाचेल आणि हातही कमी हलेल. क्लबाचे सेक्रेटरी देशपांडे वकील म्हणत, गादीचा चुरा होऊन पिस्तूल ऐन स्पर्धेत अडकेल.

"भांडताय कशाला?" बापू म्हणाले. "बाई फिजिक्स शिकिवत्यात न्हवं? त्यास्नी तपासू द्या की."

मी तपासायचं ठरवलं. शेडमध्ये पडदा लावला. पडद्याआड मी कधी गादी घालायची, कधी नाही, आणि पिस्तूल बाहेर द्यायची. नेमबाजाने गोळ्या झाडायच्या आणि गादी होती की नव्हती ते सांगायचं. निशाण्यावरची भोकं मी मोजपट्टीने मोजायची. कितीतरी रविवार हे चाललं. भोकांमध्ये काही फरक पडला नाही. गादी असो नसो, ज्याचा नेम जसा तसाच राहिला. आणि जे छातीठोकपणे फरक कळतो म्हणत होते, त्यांचे अंदाज नाणं उडवल्यासारखे निघाले. माझेही.

बापू मात्र एकदाही चुकले नाहीत.

पहिल्यांदा मला वाटलं, ते आवाजावरून ओळखत असतील. मी त्यांच्या कानात कापूस कोंबला, वरून मफलर बांधला. तरी बरोबर. मग वाटलं, डाव्या हाताचा सराव. म्हणून एकदा मी स्वतः गोळ्या झाडल्या आणि त्यांना लांब, पाठ करून उभं केलं. पिस्तूल त्यांच्या हातात नव्हतंच. मी झाडत होते आणि ते खाणीच्या भिंतीकडे तोंड करून ओरडत होते, "हाय. हाय. न्हाय. हाय." उसाचं गाळप सुरू झालेलं होतं, साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. भर दुपारचं ऊन होतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "बघा हात लावून." बाकीची बोटं गरम होती. बोटं तुटली होती ती जागा मात्र रांजणाला हात लावावा तशी गार लागली.

"हे कसं होतं बापू?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तुमच्या पुस्तकात असंल तर सांगा."

माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

राज्य स्पर्धेसाठी क्लबातून माझं नाव गेलं होतं. आठवड्यावर स्पर्धा आली असताना बापूंनी दोन गोळ्या झाडल्या आणि तिसरीला हात खाली घेतला. पिस्तूल रिकामं केलं. मग ते बोलले ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "गादी हाय का न्हाय, मला म्हाईत न्हाय. दुसरंच कायतरी लागाय लागलंय. ह्ये आता कुणी उडवू नका."

आम्ही पिस्तूल जमेल तेवढं उघडलं. तेल पुसलं, भिंगाखाली धरलं. काही दिसलं नाही. देशपांडे वकील वैतागले. "बापू, बाईंची वर्षाची मेहनत आहे. तुमच्या नसलेल्या बोटासाठी त्यांनी स्पर्धा सोडायची?"

नंतर शेडबाहेरच्या बाकावर ते मला म्हणाले, "बाई, एक सांगतो, कुणाला सांगितलं न्हाय. माझी बोटं गेली दुपारी. पर दुखत हुती सकाळपासनं. न्याहारीला भाकरी मोडता येईना. बोटं तर धड हुती तवा. कारखान्यात गेलो, प्रेसवर बसलो, आणि मी सारखं त्या बोटांकडंच बघाय लागलो, का दुखत्यात म्हणून. प्रेस खाली आली तवा माझं ध्यान बोटांवर हुतं. प्रेसवर न्हवतं."

"म्हणजे तुम्हाला आधी कळलं होतं?"

"तेच तर कळत न्हाय. आधी कळलं, का कळल्यामुळं झालं?"

त्यांच्या बोटांवर माझा विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा चेहरा पाहिल्यावर ते पिस्तूल उचलायचा धीर मला झाला नाही. मी दुसऱ्या क्लबाचं पिस्तूल मागून घेतलं आणि स्पर्धेला गेले. त्याची मूठ माझ्या हाताला मोठी होती. माझा नंबर फार खाली लागला. परतीच्या एस.टी.त मी बापूंवर मनातून चिडलेली होते.

मी परत आले तर बापू खाणीतच भेटले. मी नसताना त्यांनी फाउंड्रीतून एक जड शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, आणला होता, त्यात पिस्तूल आवळलं होतं, पुढे वाळूची पोती रचली होती आणि लांबून दोरी ओढून गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या होत्या. गादी न घालता. त्या नसलेल्या बोटांना धक्का नीट लागावा म्हणून. त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. स्लाइडच्या आतल्या कडेला केसासारखा तडा गेलेला होता.

मला वाटलं, आता ते वकिलांना बोलावून चार गोष्टी ऐकवतील. ते बाकावर बसून राहिले. "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. बघून सांगा. ह्यो आधीचा हाय, का मी पाडला?"

मी तो तडा पुसून पाहिला, उन्हात धरून पाहिला, भिंगाखाली पाहिला. जुना असता तर आत तेल मुरून काळा दिसला असता. पण बापूंनी झाडण्याआधी पिस्तूल तेलाने माखलं होतं आणि आता सगळंच काळं होतं.

"सांगता येत नाही, बापू."

त्यांनी मान हलवली. त्यांना हेच उत्तर येणार हे माहीत असावं. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

पुढे खटपटी करून क्लबाने दुसरं पिस्तूल मिळवलं. त्याला आम्ही पहिल्या दिवसापासून गादी लावली आणि ती चुरण्याआधी बदलत राहिलो. माझ्या तपासणीतून निघालं ते एवढंच: नेम सुधारायला गादीचा उपयोग नाही, लोखंड वाचवायला आहे. बापूंनी त्यावर कधी वाद घातला नाही. निशाणा लावायला ते येत राहिले, पण पडद्यामागचा खेळ त्यांनी पुन्हा कधी खेळला नाही.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी त्यांनी आपणहून विचारलं, "बाई, पडदा लावतासा का?" मी लावला. आत जाऊन गादी काढली आणि पिस्तूल दिलं. त्यांनी गोळ्या झाडल्या. खिसा हलला नाही.

"हाय," ते म्हणाले.

मी पुन्हा दिलं, पुन्हा विचारलं. तेही चुकलं. माझ्या तोंडावरून त्यांना कळलंच असणार. त्यांनी खिशातून हात काढून उलटसुलट पाहिला आणि हसले. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखे हसले. "गप झाली बघा. चार दिस झाले. काय लागत न्हाय, काय दुखत न्हाय. बोटं गेल्यापासनं पहिल्यांदा हात आपला वाटाय लागलाय." मग स्कूटरला किक मारून, कुणाला तरी मोठ्याने हाक मारत ते बावड्याच्या रस्त्याला लागले.

त्याच आठवड्यात बापू झोपेतच गेले.

मी भेटायला गेले. त्यांच्या बायकोला, काकींना, मी त्याआधी एकदोनदाच पाहिलं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं पडलेलं. मी म्हटलं, "काकी, त्रास तरी झाला नाही त्यांना. शांत झोपेत गेले."

"व्हय," त्या म्हणाल्या. "एरवी बोटं ठणकून झोप न्हवती, शेवटचे दिस मात्र लई गाढ झोपायचे. मीच जागी असायची. त्यांचा त्यो हात धरून बसायची रातभर."

"का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते, असं काहीसं त्या नजरेत होतं.

"त्यांचं दुखायचं थांबलं हुतं न्हवं," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटाय लागलं."