घसाऱ्यावर दोघी

ताई हिमाचलात बर्फावरून घसरायला शिकून आली आणि तिला साध्या पायवाटा नकोशा झाल्या. मी लोट्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सुट्टी आली की ती मला खेडच्या पूर्वेकडच्या डोंगरांत ओढून न्यायची. तिथे कड्यातून उभ्या उतरणाऱ्या एका नाळेत सुट्या दगडमातीचा लांबलचक घसारा आहे.

"बर्फ नाही तर नाही, यावरून घसरू," एका सुट्टीत तिथे पोचल्यावर ती म्हणाली. टाचा रोवायच्या, गुडघे वाकवायचे, अंग मागे टाकायचं नाही.

सुरुवातीला मजा आली. थोडं घसरायचं, कडेच्या खडकाला धरून दम खायचा, पुन्हा निघायचं. मग नाळ अरुंद झाली आणि पुढची जमीनच दिसेनाशी झाली. खाली सरळ कडा तुटलेला होता.

"इथून आडवं जायचं, उजवीकडच्या झाडीत. तिथून वाट आहे," ताई म्हणाली. दोर माझ्या पाठीवर होता, तो पलीकडे झाडाला बांधायला मी पुढे झाले.

निम्म्यात पोचले आणि पायाखालचा सगळा घसारा सुटला. मी पाय उचलत नव्हते, तरी खाली चालले होते.

"बसू नको गो! टाच मार! झाडीकडे वळ!" ताई वरून किंचाळली.

कारवीची जुडी हाताला लागली, ती मुळासकट उपटून आली. दुसरी टिकली, तिला धरून मी झाडीत शिरले. माझ्याबरोबर निघालेले दगड कड्यावरून गेले. ते खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

वळून पाहिलं तर आमच्या दोघींच्या मध्ये नुसता तिरपा, गुळगुळीत कातळ उरला होता. ताई पलीकडे खडकाला चिकटून उभी होती.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"दोर टाकते. कमरेला नीट बांध."

दोर दोनदा हुकला, मग तिने पकडला. माझ्याकडच्या बाजूने मी झाडाच्या बुंध्याला वेढा घातला आणि टोक धरलं. ती रांगत निघाली. मध्यावर तिचा पाय सटकला. ती झोका खाऊन खाली गेली, खांदा कातळावर आपटला आणि दोर माझ्या तळव्यांतून सरसरत सरकू लागला. इतकं भाजलं की हात उघडावेसे वाटले. मी ओरडत राहिले, पण धरून ठेवलं. दोर थांबला.

एका हाताने ती कशी वर आली, ते तिलाही सांगता येत नाही. झाडीतली वाट धरून आम्ही दोघी खाली उतरलो.

खालच्या वाडीतल्या लोकांनी पाणी दिलं, टेम्पोत घालून खेडला दवाखान्यात नेलं. ताईचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. घरी आईने एकाच ताटात आमटीभात कालवला आणि आम्हा दोन घोड्यांना आळीपाळीने भरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.